रेघांचा फंडा

“थोडं बारीक दिसायला काय घालू गं?”

कपड्यांवर लिहायला लागल्यापासून हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेलाय, तितका दुसरा कुठलाच नाही. विचारणाऱ्या कोण? हिंजवडीच्या बसमध्ये मांडीवर लॅपटॉपची बॅग घेऊन बसलेल्या, चाकणच्या प्लांटमध्ये क्वालिटी बघणाऱ्या, चिंचवड स्टेशनवर लोणावळा लोकल पकडायला धावत जिना उतरणाऱ्या. कमावत्या, हुशार मुली. (मुलंही विचारतात, पण ‘एका मित्रासाठी’ विचारतात!) आणि गंमत म्हणजे उत्तर सगळ्यांना आधीच पाठ असतं. काळं घाला, उभे पट्टे घाला, आडव्या पट्ट्यांच्या वाटेला जाऊ नका.

मग कपाट उघडलं की काय दिसतं? काळा कुर्ता, काळी लेगिंग, नेव्ही ब्लू कुर्ता आणि परत एक काळा कुर्ता. पगाराचे पैसे मोजून घरात आणलेला अंधारच म्हणा ना! आणि एवढं करूनही ट्रायल रूममधून बाहेर पडताना चेहरा हिरमुसलेला तो हिरमुसलेलाच.

म्हणून आज रंग जरा बाजूला ठेवू आणि रेघांबद्दल बोलू. कापडावर छापलेल्या रेघा आणि शिवणीतून तयार होणाऱ्या रेघा, दोन्हींबद्दल.

आडवं की उभं?

1867 मध्ये हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दृष्टीवरच्या आपल्या ग्रंथात एक साधी गोष्ट दाखवून दिली. एकाच मापाचे दोन चौरस घ्या. एक आडव्या रेघांनी भरा, दुसरा उभ्या रेघांनी. आडव्या रेघांचा चौरस उंच दिसतो आणि उभ्या रेघांचा रुंद! बायकांच्या आडव्या पट्ट्यांच्या झग्यांचं उदाहरणही त्याने दिलं होतं. असे झगे घातल्यावर अंगकाठी उंच भासते, असं त्याचं म्हणणं. पुढे 2011 मध्ये यॉर्क विद्यापीठाचे पीटर थॉम्पसन आणि किरियाकी मिकेलिडू यांनी हा प्रयोग पट्टेरी कपड्यातल्या बाईच्या आकृत्यांवर करून पाहिला. आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसतो, याला त्यांना आधार मिळाला नाही. कल उलटाच निघाला.

मग आई-मावशीने इतकी वर्षं सांगितलं ते सगळं खोटं? तसंही नाही. इथे दोन वेगळ्या गोष्टींची भेसळ झालेली आहे. अंगभर पट्ट्यांचं कापड ही एक गोष्ट. आणि कपड्यातली एकच ठळक रेघ ही दुसरी.

अंगभर बारीक पट्टे असतील तर डोळा त्यांची रांग वाचतो. आडव्या रेघा एकीवर एक चढत जातात, म्हणून उंची वाढल्यासारखी वाटते. पण कमरेवर एकच जाड आडवा पट्टा आला, म्हणजे समजा पांढऱ्या कुर्त्यावर लाल बेल्ट, तर डोळा तिथे ब्रेक मारतो. एका उंचीचे दोन तुकडे होतात. याउलट समोरून सरळ खाली जाणारी एकच रेघ, बटणांची पट्टी म्हणा, उघड्या जॅकेटची कड म्हणा किंवा एका खांद्यावरून सोडलेली ओढणी म्हणा, ती रुंदीचे दोन तुकडे करते आणि नजरेला वरून खाली नेते. आई-मावशीचा अनुभव या एका रेघेचा होता. आपण तो सगळ्या पट्ट्यांना लावून टाकला.

आणखी एक. आपण सपाट नसतो. कुर्ता जिथे ताणला जातो तिथे पट्टा वाकतो, आणि वाकलेला पट्टा ‘इकडे बघा’ असं ओरडून सांगतो. त्यामुळे पट्टेरी कपड्यात पट्ट्याच्या दिशेइतकंच फिटिंग महत्त्वाचं. एक साइज सैल घेतलेला आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट हा घट्ट बसलेल्या उभ्या पट्ट्यांच्या शर्टापेक्षा कधीही बरा.

डिओरच्या आधी आजीचा परकर

शिवणीतल्या रेघा तर आपल्या घरातच आहेत. फॅशनच्या पुस्तकात ‘ए-लाइन’ हा शब्द येतो तो ख्रिस्तियान डिओरच्या 1955 च्या कलेक्शनमुळे. वर निमुळता, खाली पसरट, इंग्रजी ‘ए’सारखा. आता आजीचा सहा कळ्यांचा परकर आठवा. कमरेला अरुंद आणि खाली घेर. प्रत्येक कळीची शिवण कमरेपासून तिरकी खाली उतरते. तेच की! अनारकलीचंही तेच. कळ्यांच्या शिवणी नजरेला सरळ खाली नेतात, मध्ये कुठे थांबू देत नाहीत. म्हणून नितंब-मांड्या भरलेल्या असतील तर कळीदार कुर्ता इतका साधतो. फक्त कळ्या कमरेपासून सुटायला हव्यात. छातीखालीच सुटल्या तर तो ‘एम्पायर कट’. नेपोलियनच्या काळात फ्रान्समध्ये गाजलेला हा कट बुटक्या बांध्याला पाय लांब असल्याचा भास देतो, पण छाती भरलेली असेल तर कधीकधी तंबूसारखा उभा राहतो.

प्रिन्सेस कटमध्ये खांद्यापासून किंवा मुंढ्यापासून दोन शिवणी छातीवरून कमरेकडे जातात. वेगळे टक्स घ्यावे लागत नाहीत, टक्सचं काम शिवणच करते. सरळ, कंबर नसलेल्या बांध्याला या दोन रेघा कंबर देतात. त्याच शिवणीच्या बाहेरच्या बाजूला गडद कापड लावलं की मधला फिका भागच शरीर वाटायला लागतो. 2011 च्या व्हेनिस फेस्टिव्हलला केट विन्स्लेट जो स्टेला मॅकार्टनीचा ड्रेस घालून आली होती आणि ज्याची पुढे सगळीकडे नक्कल झाली, त्याचा फंडा हाच.

आणि खणाचा ब्लाउज? सध्या ऑफिसच्या ट्रॅडिशनल डेला दर तिसरी मुलगी गुळेदगुड्डच्या खणात दिसते. छानच दिसतं. पण खणाचा काठ बाहीच्या टोकाला येतो आणि काठ म्हणजे ठळक आडवी रेघ. ती दंडाच्या सगळ्यात जाड भागावर आली की दंडच दिसतो. बाही दोन बोटं वर घ्या नाहीतर कोपरापर्यंत खाली न्या. खण तोच, दंड तोच, फक्त रेघ हलली. साडीच्या काठाचंही तसंच. उंची बेताची असेल तर वीतभर काठाची साडी पायाकडून उंची खाते. तीन-चार बोटांचा काठ घ्या आणि पदर चुण्या घालून सोडा, म्हणजे खांद्यावरून एक लांब रेघ मिळते.

“तिथं रेघ संपते, ताई”

माझी एक मैत्रीण एमआयडीसीतल्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत आहे. उंची पाच फूट एक इंच, खांदे अरुंद, सीट भरलेली. कामात सॉलिड. पण ऑफिसचा ग्रुप फोटो म्हटला की कॅमेरा हिच्याच हातात. “मी काढते ना फोटो, तुम्ही उभे राहा!” हे तीन वर्षं चाललं होतं. घरी लग्नाचं बघत होते, आणि बायोडेटाला जोडायला म्हणून पूर्ण उंचीचा एकही फोटो तिच्याकडे नव्हता. वजन कमी झाल्यावर काढू, हे तिचं उत्तर. त्यासाठी रात्रीचं जेवण बंद. दुपारी लाइनवर उभं राहून चक्कर यायला लागली, तेव्हा मात्र मी तिला डाएटिशियनकडे पाठवलं आणि कुर्ते उचलून चिंचवडगावातल्या आमच्या मास्तरांकडे घेऊन गेले.

मास्तरांनी कुर्ता तिच्या खांद्याला लावून धरला. उंची कुठे संपत होती? बरोबर मांडीच्या मध्यावर, सगळ्यात रुंद जागी. वर साइड कटही तिथेच उघडत होता.

“तुम्ही म्हणता खाली रुंद आहे म्हणून लोक बघतात,” मास्तर म्हणाले. “तिथं रेघ संपते ताई, म्हणून बघतात.”

याहून चांगलं डिझाइनचं लेक्चर मी ऐकलेलं नाही.

आत माया जेमतेम इंचभर होती, म्हणजे उंची वाढवायचा प्रश्नच नव्हता. मग दोन कुर्ते वर घेऊन टॉपसारखे केले, सीटच्या वर संपणारे, सरळ पँटवर घालायला. तिसऱ्याचा साइड कट चार बोटं शिवून बंद केला. आणि पिंपरी कॅम्पातून कापड घेऊन एक नवा शिवला: गुडघ्याच्या खाली उंची, प्रिन्सेस कट, खांद्याला आडवा योक आणि बाहीला हलक्या चुण्या. अरुंद खांदे योकच्या आडव्या रेघेने जरा भरले आणि वर-खालचा तोल जमला. काट्यावर एक किलोचाही फरक नव्हता. त्या वर्षीच्या फोटोत मात्र ती आहे. दुसऱ्या ओळीत, कडेला, पण आहे! रात्रीची पोळी-भाजीही परत सुरू झाली.

हे सगळं तिच्या शरीराचा दोष होता म्हणून झालं का? रेडिमेड कपड्यांचे आपले साइज मुळात बऱ्याच अंशी ब्रिटन-अमेरिकेच्या तक्त्यांवरून आलेले. ‘एम’ खांद्याला बसला तर सीटला अडकतो, ‘एल’ सीटला बसला तर खांद्यावरून घसरतो, आणि आपण स्वतःलाच बेढब म्हणून मोकळे होतो. भारतीय मापांचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून निफ्टने ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला. 15 ते 65 वयाच्या 25 हजार लोकांची मापं थ्री-डी बॉडी स्कॅनरने घ्यायची, अशी त्याची आखणी होती. इतक्या मोठ्या देशाला स्वतःचं माप शोधावं लागतं, तर तुमच्या-माझ्या सीटने लाजायचं कशाला?

शॉपफ्लोअरवरच्या रेघा

आपल्या भागात रेघांचं आणखी एक रूप रोज दिसतं. कंपनीच्या गेटवर मिळणारं ते चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट! आयएसओ 20471 या मानकानुसार हे पट्टे किमान 50 मिलिमीटर रुंद लागतात. धडाभोवती आडवे आणि खांद्यांवरून उभे. का? अंधारात फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला ‘काहीतरी चमकतंय’ एवढंच दिसून भागत नाही, तो माणूस आहे हे कळायला हवं. खांदे कुठे, धड कुठे, हे त्या रेघा सांगतात. नजर कुठे जाईल हे रेघ ठरवते, त्याचा यापेक्षा मोठा पुरावा कुठला?

आणि शॉपफ्लोअरवर जायचं असेल तर वर सांगितलेली लांब ओढणी, सैल बाही आणि मोठा घेर ऑफिसच्या खुंटीला! फिरत्या मशिनला स्टाइल कळत नाही. टू-व्हीलरच्या चाकालाही नाही. अशा दिवशी उभी रेघ हवी असेल तर ती बटणांच्या पट्टीची किंवा प्रिन्सेस कटच्या शिवणीची घ्या, उडणारी नको.

मुलांनो, तुम्हीसुद्धा!

तुमचं गणित सोपं आहे. फिका शर्ट, गडद पँट आणि मध्ये चकाकणारा मोठा बकलचा बेल्ट म्हणजे पोटावर ओढलेली आडवी रेघ. उंची कमी किंवा पोट पुढे असेल तर बेल्ट पँटच्याच रंगाचा आणि साधा घ्या. बूटही पँटच्या रंगाच्या जवळचे घ्या, पाय लांब दिसतात. शर्ट बाहेर सोडायचा असेल तर तो सीटच्या मध्यावर संपू दे, मांडीपर्यंत लोंबू देऊ नका. लग्नकार्यात बिनबाह्यांचं जॅकेट कुर्त्यावर उघडं सोडलं की दोन उभ्या कडा फुकटात मिळतात. खूप उंच आणि किडकिडीत असाल तर हे सगळं उलटं करा: वेगळ्या रंगाचा बेल्ट, खांद्यावर योक, छातीवर खिसे. तुम्हाला आडव्या रेघांची गरज आहे.

रविवारचं होमवर्क

• शिवणाची टेप घ्या आणि खांदे, कंबर, सीट अशी तीन मापं घ्या. खांदे आणि सीट यांत कुठे जास्त भर आहे ते बघा. वजनकाटा नको.

• रोजचे पाच कपडे घालून बघा. प्रत्येक कुर्ता, टॉप, बाही नेमकी कुठे संपते? सगळ्यात रुंद जागी संपत असेल तर तो कपडा बाजूला ठेवा.

• वर-खाली अर्धं-अर्धं नको. एक भाग वर आणि दोन भाग खाली, किंवा उलट, असा हिशेब बहुतेकांना शोभतो.

• जिथे बघावंसं वाटतं तिथे रेघ आणा. गळा सुंदर आहे? व्ही गळा घ्या. मनगटं नाजूक आहेत? बाही तिथे संपवा.

• बाजूला ठेवलेले कपडे पिशवीत भरा आणि नवीन काही घेण्याआधी मास्तरांकडे जा. अर्धे कपडे दोन-चार इंचांच्या फरकाने परत तुमचे होतील.

आणि कपाटात तळाला पडलेला तो आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट, जो कुणीतरी काहीतरी बोललं म्हणून तुम्ही घालायचा सोडला होता? या शुक्रवारी घाला.