पाहुणा नव्हे, रहिवासी

कोल्हापूर आणि लगतच्या कोकणातील जिल्ह्यांतून ‘व्हेलच्या उलटी’ची तस्करी पकडल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत अधूनमधून येत असतात. मुद्देमालाची किंमत कोटींच्या घरात सांगितली जाते आणि दोन दिवस चावडीवर तोच विषय चघळला जातो. देवमाशाशी येथील सामान्य वाचकाचा जो काही संबंध येतो, तो बहुधा एवढाच. तोही अर्धवट माहितीवर आधारलेला. कारण हा सुगंधी पदार्थ दात असलेल्या स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतो. कोकणच्या समुद्रात ज्यांची नोंद झाली आहे ते निळा देवमासा व ब्राइडचा देवमासा आणि अरबी समुद्रातच वावरणारा हंपबॅक हे निराळ्या शाखेचे प्राणी आहेत. त्यांना दात नसतात आणि तस्कराला हवे असलेले ते घबाडही त्यांच्या पोटात नसते. परंतु त्यांच्या जीवनक्रमात जे आहे ते त्याहून मोलाचे आहे, आणि त्याचा कोल्हापूरच्या पावसाशी निकटचा संबंध आहे.

या शाखेच्या देवमाशांच्या वरच्या जबड्याला दातांऐवजी शेकडो पट्ट्यांची दाट झालर असते. तिला बलीन म्हणतात. माणसाची नखे व केस ज्या द्रव्याचे बनतात, त्याचीच ही झालर बनलेली असते. निळा, ब्राइडचा आणि हंपबॅक या तिन्ही जातींच्या घशाखाली लांबच लांब चुण्या असतात. भक्ष्याचा थवा दिसताच प्राणी वेगाने पुढे झेपावतो, जबडा उघडतो, चुण्या उलगडतात आणि घसा पखालीसारखा फुगतो. मग तोंड मिटून जिभेच्या जोरावर पाणी झालरीतून बाहेर लोटले जाते आणि आत उरते ते भक्ष्य गिळले जाते. पृथ्वीवर आजवर झालेल्या प्राण्यांत सर्वांत मोठा असा निळा देवमासा बोटाएवढ्या, कोळंबीसारख्या क्रिलवर जगतो. हंपबॅक आणि ब्राइडचा देवमासा तारलीसारखे लहान मासेही खातात. असे देह पोसायचे तर दिवसाला कित्येक टन अन्न लागते. साहजिकच, जेथे भक्ष्याची दाटी असते तेथेच हा प्राणी तग धरू शकतो.

देवमाशांच्या स्थलांतराचे जे वर्णन सर्वसाधारण पुस्तकांत आढळते ते याच गरजेतून आले आहे. उन्हाळ्यात ध्रुवांकडील थंड, सुपीक पाण्यात पोटभर खायचे आणि हिवाळ्यात विषुववृत्ताकडील उबदार पाण्यात जाऊन पिलांना जन्म द्यायचा. तेथील मुक्कामात शरीरातील चरबीवरच गुजराण करायची. हंपबॅकच्या काही समूहांचा हा प्रवास एकेका दिशेने आठ हजार किलोमीटरपर्यंत होतो. ही माहिती खोटी नाही. मात्र ती वाचणारा विद्यार्थी असा निष्कर्ष काढून मोकळा होतो की, भारताच्या किनाऱ्यावर देवमासा दिसलाच तर तो वाट चुकलेला पाहुणा असला पाहिजे. अरबी समुद्रापुरता हा निष्कर्ष चुकीचा आहे.

अरबी समुद्र उत्तरेकडून भूमीने बंद आहे. येथून उत्तर ध्रुवाकडे वाटच नाही. तरीही येथे हंपबॅकचा एक समूह बारमाही राहतो. आनुवंशिक अभ्यासावरून तो दक्षिण गोलार्धातील आपल्या भाईबंदांपासून सुमारे सत्तर हजार वर्षांपूर्वी वेगळा झाला असावा, असे अनुमान आहे. ध्रुवाकडे न जाता त्याला अन्न मिळते कोठून? याचे उत्तर मोसमी वाऱ्यांत आहे. जूनपासून नैर्ऋत्येकडून वाहणारे वारे सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी दूर लोटतात. त्याच्या जागी खोलवरचे थंड, क्षारयुक्त पाणी वर येते; प्लवकांना बहर येतो आणि त्यावर क्रिल व तारली वाढतात. भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण भागातही पावसाळ्यात हाच प्रकार कमी प्रमाणात घडतो. हिवाळ्यात उत्तरेकडील कोरडे वारे समुद्राच्या उत्तर भागातील वरचे पाणी थंड व जड करतात. ते खाली बसते, खालचे वर येते आणि अन्नाचा दुसरा हंगाम सुरू होतो. इतरत्र देवमासा अन्नासाठी ध्रुवाकडे जातो. येथे मोसमी वारा त्याचे अन्न त्याच्या दारात आणून ठेवतो.

हेच वारे पुढे सह्याद्रीला अडून गगनबावड्यावर कोसळतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची वार्ता येते आणि पंचगंगेच्या पातळीकडे साऱ्या शहराचे डोळे लागतात, त्याच सुमारास हजारो मैलांवर त्याच वाऱ्याने देवमाशांचे ताट वाढलेले असते. कोल्हापूरचा ऊस आणि अरबी समुद्रातील देवमासा हे एकाच वाऱ्याचे आश्रित आहेत, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

या वस्तुस्थितीचा पुरावा ज्या मार्गाने हाती आला तो मात्र लाजिरवाणा आहे. सोव्हिएत जहाजांच्या ताफ्यांनी १९६४ ते १९६६ या काळात ओमान, पाकिस्तान व वायव्य भारताच्या किनाऱ्यांलगत २४२ हंपबॅक बेकायदा मारले आणि त्याची वाच्यता होऊ दिली नाही. सोव्हिएत संघ मोडल्यानंतर १९९० च्या दशकात त्या शिकारीच्या नोंदी प्रकाशात आल्या. मारलेल्या प्राण्यांची पोटे भरलेली होती. म्हणजे ते उष्ण कटिबंधात उपाशी राहत नव्हते, येथेच जेवत होते. त्या शिकारीतून हा समूह अद्याप सावरलेला नाही. ओमानलगतच्या पाहणीत त्याची संख्या शंभराच्या आतच भरली.

दुसरा पुरावा सुखावह आहे. ओमानमध्ये २०१७ च्या नोव्हेंबरात ‘लुबान’ या मादीच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसविण्यात आले. शेपटीवरील ठशात धुपाच्या झाडाचा आकार दिसला म्हणून तिला हे नाव मिळाले. डिसेंबरात ती समुद्र ओलांडून गोव्याजवळ आली, तेथून दक्षिणेकडे सरकली आणि पुढे ओमानला परतली. ओमानचा देवमासा आणि भारताचा देवमासा असा भेद करण्यात अर्थ नाही, हे तिने दाखवून दिले. त्याआधी, २०१५ साली, देवगड तालुक्यातील कुणकेश्वरच्या समुद्रात संशोधकांना निळे देवमासे पिलासह दिसले होते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर बेचाळीस फुटांचा निळा देवमासा येऊन पडला व मरण पावला.

पाहुणा आणि रहिवासी हा भेद केवळ शास्त्रज्ञांच्या कामाचा नाही. पाहुण्याची अंतिम जबाबदारी त्याच्या घरच्यांवर ढकलता येते. हंपबॅकच्या या समूहाला मात्र अरबी समुद्राखेरीज दुसरे घर नाही. येथील जाळी, येथील जहाजे, येथील तारलीचा दुष्काळ आणि तापत चाललेले येथील पाणी यांतच त्याला जगायचे किंवा मरायचे आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. ज्या मच्छीमाराच्या पदरी दिवसेंदिवस कमी मासळी पडते आहे, त्याने देवमाशाची काळजी का वाहावी? आक्षेप रास्त आहे. पण तो उलट बाजूनेही पाहता येतो. तारलीचे थवे नाहीसे झाले तर देवमासा आणि लहान मच्छीमार दोघेही उपाशी राहणार. पर्ससीन जाळ्यांवर राज्य शासनाने २०१६ साली घातलेले निर्बंध कसोशीने अमलात आले तर त्याचा लाभ दोघांनाही आहे. जाळे कापून संरक्षित प्राण्याची सुटका करणाऱ्या मच्छीमारास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ साली सुरू केली, ती स्तुत्य आहे. तथापि जाळ्याची खरी किंमत आणि बुडालेला रोजगार यांच्याशी ती रक्कम ताडून पाहिली पाहिजे, आणि ती विनाविलंब हाती पडली पाहिजे. किनाऱ्यावरील सद्भावनेची उणीव नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत रुतलेल्या पिलाला पाण्यात परत नेण्यासाठी वनखात्याचे कर्मचारी, मच्छीमार आणि ग्रामस्थ यांनी शर्थ केली. ते पिलू वाचले नाही, हा त्यांचा दोष नव्हे.

उणीव आहे ती माहितीची आणि नियोजनाची. देवमासे कोणत्या महिन्यांत, किनाऱ्यापासून किती अंतरावर दिसतात याची नोंद मच्छीमारांच्या मदतीने वर्षानुवर्षे ठेवली गेली, तरच त्या काळात त्या पट्ट्यात जहाजांचा वेग कमी ठेवा, समुद्रतळाच्या स्फोटक चाचण्या थांबवा, असे म्हणता येईल. हा खर्च फार मोठा नाही. मात्र तो सातत्याने करावा लागेल. एखादा प्रकल्प संपला की नोंदवही बंद, असे होता कामा नये.

घाटावरच्या शहराने यात काय करावे? कोल्हापूरच्या शाळांच्या सहली गणपतीपुळे, मालवण, कुणकेश्वर येथे जात असतात. समुद्राकडे पाहत उभ्या राहिलेल्या मुलांना शिक्षकाने एवढे जरी सांगितले की, या पाण्यात देवमासे राहतात आणि ज्या वाऱ्याने रंकाळा भरतो त्याच वाऱ्यावर त्यांचे पोट भरते, तरी पुष्कळ काम होईल. पाठ्यपुस्तकातील ध्रुवीय स्थलांतराच्या नकाशाशेजारी लुबानच्या प्रवासाची रेघही यावी. आपल्या समुद्रातला रहिवासी कोण हे ठाऊक असलेली पिढी, त्याची किंमत उलटीच्या भावावरून ठरविणार नाही.