विद्येची रुजुवात

आपल्या विद्यापीठांतून आणि संशोधनसंस्थांतून एक मत फार दिवसांच्या वहिवाटीने चालत आले आहे. ज्याला आपल्या शास्त्राचे गांभीर्य राखावयाचे असेल त्याने सामान्य वाचकांसाठी लिहिण्याच्या फंदात पडू नये, आणि पडलाच तर ते लेखन त्याच्या कर्तृत्वाच्या खाती जमा न धरता फुरसतीच्या उद्योगांत मांडावे, असे हे मत. ते उघड बोलून दाखविणारे थोडे, परंतु त्याबरहुकूम वागणारे पुष्कळ आहेत. म्हणूनच त्याचा एकवार निवाडा होणे अवश्य आहे.

या मताचा पूर्वपक्ष त्याच्या पुरस्कर्त्यांनाही मान्य व्हावा अशा रीतीने मांडावयाचा, तर त्यात मुख्य आक्षेप तीन आहेत. शास्त्रीय सिद्धान्त सुबोध करू जाता त्यातील अटी, अपवाद आणि शंका गळून पडतात व वाचकाच्या हाती नुसते ठाम विधान उरते, हा पहिला. आयुष्य थोडे आणि संशोधनाचा पसारा अफाट असता लोकशिक्षणात वेचलेला काळ मूळ कार्यातून वजा होतो, हा दुसरा. आणि सूक्ष्म शास्त्रविचार पेलण्याचे सामर्थ्य मराठीत अद्यापि आलेले नाही, हा तिसरा.

यांपैकी तिसरा आक्षेप सर्वांत दुबळा, कारण त्याचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच ग्रंथरूपाने दिले गेले आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे मराठी शाळांतून आणि ट्रेनिंग कॉलेजातून शिकविणारे मॅट्रिक झालेले शिक्षक. गुप्त संवत्सराच्या कालनिर्णयासाठी फ्लीटसारख्या पुराभिलेखवेत्त्याने ज्यांच्या गणिताचा आधार घेतला, त्या दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा आपला महाग्रंथ १८९६ साली मराठीत प्रसिद्ध केला. वेदकाळापासूनच्या ज्योतिषाचा तो इतिहास इंग्रजीत आणण्यास सरकारला १९६९ साल उजाडावे लागले. मराठी असमर्थ असती, तर सत्तरांहून अधिक वर्षे तिच्याच आश्रयाला राहिलेल्या या ग्रंथाची गरज इतरांना का भासावी? परिभाषा आधी सिद्ध व्हावी आणि मग ग्रंथ व्हावेत, हा क्रमच उलटा आहे. लिहिणाऱ्याची अडचण हीच परिभाषेची जननी होय.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तरही याच उदाहरणात आहे. नक्षत्रांची ओळख करून देणारे ‘ज्योतिर्विलास’ हे दीक्षितांचे लोकांसाठी लिहिलेले पुस्तक १८९२ सालचे, म्हणजे महाग्रंथाच्या चार वर्षे आधी छापले गेलेले. त्याने महाग्रंथाची वाट अडविली असे कोण म्हणेल? फ्रेड हॉईल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडल्यावर दहा वर्षांनी, १९७४ साली, जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ लिहिली, तेव्हा त्यांच्या गणितास तोटा आल्याचा दाखला कोणी दिलेला नाही. इरावती कर्वे यांनी आप्तसंबंधांच्या रचनेवर विद्वन्मान्य ग्रंथ लिहिला आणि ‘युगान्त’ही लिहिले, दोहोंमागे माणसांच्या नात्यांचा शोध घेणारी दृष्टी एकच आहे. काळ वजा होतो तो समित्यांच्या बैठकांत आणि एकच निबंध चार नावांनी छापण्यात, याची नोंद मात्र आक्षेपकांच्या वहीत सापडत नाही.

राहिला पहिला आक्षेप. तो खरोखर वजनदार आहे. शंका गाळून लिहिलेले शास्त्र ही अफवेचीच सुशिक्षित आवृत्ती, हे निःसंशय. परंतु शंका गाळण्याचा दोष कोणाचा? वाचकाला शंका पेलणार नाही असे आधीच ठरवून टाकणाऱ्या लेखकाचा तो दोष आहे, वाचकाचा नव्हे. मकरसंक्रांतीचेच पाहा. सूर्याचे उत्तरायण प्रत्यक्षात २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते आणि आपण तिळगूळ वाटतो १४ जानेवारीस. अयनबिंदू दरवर्षी सुमारे पन्नास विकला मागे सरतो, सुमारे ७२ वर्षांत एक अंश. सतराशे वर्षांच्या आगेमागे एकत्र असलेल्या या दोन घटनांत म्हणूनच आज तेवीस-चोवीस दिवसांचे अंतर पडले आहे. हे गणित ज्याला सांगितले त्याने सण सोडावा की पाळावा हा त्याचा प्रश्न. परंतु सायन (सरता अयनबिंदू धरणाऱ्या) आणि निरयन (स्थिर नक्षत्रे धरणाऱ्या) पक्षांत वाद कशाचा आहे, दोघांची बाजू काय आहे, हे समजण्यास त्याला पदवी लागत नाही. ज्याच्या घरी पंचांग आहे तो या वादात पक्षकार आहे, आणि पक्षकाराला कैफियत ऐकवायची नाही हा कोठला न्याय?

शिवाय जाणत्याने न लिहिल्याने ती जागा रिकामी राहते, अशी आक्षेपकांची समजूत दिसते. तसे कधीच होत नाही. वैद्य बोलला नाही तर भोंदू बोलतो, इतिहासकार गप्प बसला तर भाट आणि प्रचारक बोलतात. वाईट सुलभीकरणाची खरी भीती ज्याला वाटते, त्याने चांगले सुलभीकरण करावयास पुढे आले पाहिजे.

इतके खंडन झाले. पण माझे म्हणणे याहून पुढचे आहे. सामान्य वाचकासाठी लिहिणे हे विद्वानाने केलेले दान नव्हे. तो संशोधनाचाच एक भाग आहे. त्याचे पहिले कारण असे की, आपल्याकडील इतिहासाची साधने दरबारी दप्तरांत जितकी होती तितकीच घरोघरच्या रुमालांत बांधलेली होती. वाईस सापडलेल्या पत्रांच्या आधारे इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो मराठी प्रस्तावनेसह, पुढे २२ खंड झाले. कारीच्या जेध्यांच्या घरची शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा शिवजन्माची शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी पुढे आली आणि १६२७ च्या रूढ तिथीस पहिला सबळ प्रतिवादी मिळाला. अशी साधने ज्यांच्या माळ्यावर असतात, त्यांना न समजणाऱ्या भाषेत इतिहास लिहावयाचा आणि कागद मात्र त्यांच्याकडून मागावयाचे, हा व्यवहार एकतर्फी आहे.

दुसरे कारण तर्काचे. तज्ज्ञांसाठी लिहिताना अर्ध्या पायऱ्या गृहीत धरता येतात आणि एखादी कच्ची पायरी परिभाषेच्या आडोशाला खपून जाते. परंतु समंजस पण अनभिज्ञ वाचकापुढे प्रत्येक पायरी उघड ठेवावी लागते, आणि तेथेच आपले अनुमान कोठे लंगडते हे लेखकाला प्रथम दिसते. ही विद्येची रुजुवात होय. आणि जी रुजुवातीस भिते ती विद्या आपल्याच हिशेबाविषयी साशंक असली पाहिजे.

तथापि या लेखनाला सूट नको, शिस्त हवी. पुरावा कोठून आला हे सांगावे, सर्वमान्य काय आणि स्वतःचे मत कोणते यांत सरमिसळ करू नये, प्रतिपक्षाचे सबळ प्रमाण दडवू नये. या कसोटीस उतरणाऱ्या ग्रंथाला विद्यापीठाने संशोधनाच्या तोलाचे मानावे, आणि अध्यापकाची नेमणूक वा बढती ठरविताना त्याच्या शोधनिबंधांबरोबर, ते शोध त्याने आपल्या भाषेतील शहाण्या माणसास समजावून दिले आहेत काय, हेही विचारावे. ज्यांचा हा प्रश्न विचारण्यास विरोध असेल, त्यांनी लोकांच्या कराच्या पैशातून संशोधनाचा मक्ता कोणत्या सनदेने घेतला, ते आधी दाखवावे.