संसार कानावर पडतो तेव्हा

8 मे 1777 ची रात्र. नऊच्या सुमारास फ्रेडरिक रेनॉल्ड्स नावाचा पोरगा लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहालगतच्या बोळातून घरी निघाला होता. अचानक डोक्यावर असा गडगडाट झाला, की इमारतच खाली येतेय असे वाटून तो जीव घेऊन पळत सुटला. खरा प्रकार त्याला दुसऱ्या दिवशी कळला. आदल्या रात्री आत पडला होता तो रंगमंचावरचा एक घडीचा आडपडदा, आणि गडगडाट होता प्रेक्षकांच्या हशाटाळ्यांचा. रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडनच्या ‘द स्कूल फॉर स्कँडल’चा तो पहिला प्रयोग. पुढे स्वतः नाटककार झालेल्या रेनॉल्ड्सने ही आठवण लिहून ठेवली. ज्या प्रवेशाची इंग्रजी रंगभूमीवर आजही वाखाणणी होते, तो त्याने पहिल्याच रात्री न पाहता ऐकला.

त्या आडपडद्यामागे लेडी टीझल लपलेली असते. तरुण, हौशी, उधळी बायको. आणि बाहेर तिचा वयस्क नवरा सर पीटर. ती तिथे आहे याची त्याला कल्पना नसते. रोजच्या कटकटींनी तो वैतागलेला असतो, पण बोलण्याच्या ओघात सांगून जातो की बायकोच्या नावे वर्षाला 800 पौंडांची सोय करतोय आणि आपल्यामागे इस्टेटीचा मोठा भागही तिलाच मिळेल. लेडी टीझल हे सगळे ऐकते. पडदा पडून ती उघडी पडते खरी, पण तिचा संसार सावरतो तो त्याआधीच, आडोशाला उभी राहून ऐकत असताना.

लग्नाभोवती फिरणाऱ्या जुन्या इंग्रजी विनोदी नाटकांचे मर्म इथे आहे. ही नाटके वरवर पाहता वेषभूषेची, दिवाणखान्यांची, दारे उघडण्या-मिटण्याची. पण त्यांतली लग्ने जुळतात, फिसकटतात आणि पुन्हा रुळावर येतात ती कोणी काय ऐकले यावर. शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये बिअट्रिस आणि बेनेडिक एकमेकांना टोमणे मारण्यात पटाईत. दोघेही प्रेमात पडतात ते बागेत लपून, मुद्दाम त्यांच्या कानावर घातलेले बोलणे ऐकून. म्हणूनच ही नाटके रेडिओवर ऐकणे म्हणजे नाटकाची उणी आवृत्ती पत्करणे नव्हे. तिथे श्रोता थेट लेडी टीझलच्या शेजारी आडपडद्यामागे जाऊन उभा राहतो.

बीबीसीला हे लवकर उमगले असावे. 1922 च्या नोव्हेंबरात तिचे प्रसारण सुरू झाले आणि 1923 च्या फेब्रुवारीत शेक्सपिअरचे काही प्रवेश रेडिओलहरींवर गेले. ‘ज्युलियस सीझर’सोबत त्यांत ‘मच अडू’ही होते. अर्थात नाटक घरबसल्या ऐकायची हौस त्याहून जुनी. 14 फेब्रुवारी 1895 ला सेंट जेम्स थिएटरात ऑस्कर वाइल्डचे ‘दि इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ रंगभूमीवर आले, त्याच सुमारास लंडनमध्ये इलेक्ट्रोफोन नावाची सेवा सुरू झाली होती. नाट्यगृहातला आवाज टेलिफोनच्या तारेवरून वर्गणीदारांच्या कानापर्यंत पोहोचायचा.

वाइल्डचे हे नाटक तर रेडिओचे लाडके. लेडी ब्रॅकनेल लेकीला मागणी घालणाऱ्या जॅकची उलटतपासणी घेते. उत्पन्न किती, घर कुठे, आईवडील कोण? हातात वही-पेन्सिल घेऊन. वधूपरीक्षेच्या हकिकती ऐकत वाढलेल्या मराठी कानाला ही वरपरीक्षा लगेच ओळखीची वाटते. रंगमंचावर बाईंची टोपी आणि पिसे निम्मा हशा वसूल करतात. रेडिओवर सगळा भार आवाजावर, एका शब्दाआधी घेतलेल्या श्वासावर. नाटकाच्या शताब्दीला, 1995 मध्ये, बीबीसीने जूडी डेंचला लेडी ब्रॅकनेल, तर मायकेल शीनला जॅक केले. आवाजांची अशी पारख असली की टोपीची आठवणही होत नाही. शिवाय या नाटकात सारखे काहीतरी खाणे चालू असते. काकडीची सँडविचेस फस्त होतात, मफिनांवरून भांडण जुंपते. तोंडात घास धरून केलेला प्रेमाचा कांगावा हा तर कानानेच चाखायचा पदार्थ.

याहून जुने आणि कानाला अधिक अवघड नाटक म्हणजे विल्यम काँग्रीव्हचे ‘द वे ऑफ द वर्ल्ड’, 1700 सालचे. त्याचे कथानक इतके गुंतागुंतीचे की कोण कोणाचा भाचा आणि कोण कोणाची जुनी प्रेयसी हे पाहतानाही ध्यानात राहत नाही. ऐकताना तर पहिली वीस मिनिटे चाचपडावेच लागते. पण चौथ्या अंकात मिलामंट आणि मिराबेल लग्नाच्या अटी ठरवायला बसतात आणि सगळी चाचपड वसूल होते. सकाळी हवे तितके झोपू द्यायचे. चारचौघांत लाडाची नावे घ्यायची नाहीत. पत्रे कोणाची आली हे विचारायचे नाही. खोलीत शिरण्यापूर्वी दार वाजवायचे. चहाच्या टेबलावर सत्ता तिची. मग मिराबेल आपली यादी काढतो. तिच्या चहाच्या टेबलालाही तो मर्यादा घालतो, आणि पोटुशी असताना कंबर आवळून बांधायची नाही, असे बजावतो.

हा प्रवेश नुसता खेळकर नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये लग्न झाले की बाईची मिळकत बहुतांशी नवऱ्याच्या हाती जाई. विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर पुरता हक्क देणारा कायदा यायला 1882 उजाडले. म्हणजे मिलामंट मागते त्यातले काहीच कायद्याने तिचे नव्हते. हाती होते फक्त बोलणे, तेही होकार देण्याआधीचे. रंगमंचावर तिचा पंखा आणि झगा लक्ष वेधून घेतात. रेडिओवर मात्र थट्टेखालची धास्ती स्पष्ट ऐकू येते. चांगली नटी एकेक अट किंचित घाईने म्हणते, आणि ही घाई का, हे श्रोत्याला कळते.

विसाव्या शतकात ही परंपरा नोएल कॉवर्डकडे आली. ‘प्रायव्हेट लाइव्ह्ज’चा मसुदा त्याने शांघायच्या हॉटेलात, तापातून उठता उठता काही दिवसांत लिहिला. एलियट आणि अमांडा यांचा घटस्फोट होऊन पाच वर्षे झालेली. दोघेही नव्या जोडीदारासह मधुचंद्राला दोव्हिलला येतात आणि त्यांच्या खोल्यांच्या गच्च्या शेजारी-शेजारी निघतात! दुसऱ्या अंकातल्या प्रेमप्रसंगावर तेव्हा नाटकांना परवानगी देण्याचा अधिकार असलेल्या लॉर्ड चेंबरलेनने हरकत घेतली. कॉवर्ड सरळ त्याच्या कचेरीत गेला आणि नाटक स्वतः करून दाखवले. कागदावर खटकलेले नाटक नाटककाराच्या तोंडून आल्यावर संमत झाले. 1930 मध्ये नाटक लंडनला आले, तेव्हा कॉवर्ड आणि गर्ट्रूड लॉरेन्स यांनी त्यातले काही प्रवेश ग्रामोफोनच्या तबकडीवरही दिले. 1939 मध्ये लॉरेन्सने अमेरिकेत ऑर्सन वेल्सबरोबर रेडिओवरही अमांडा केली.

एलियट आणि अमांडा यांनी भांडण हाताबाहेर जाऊ लागले की थांबण्यासाठी एक परवलीचा शब्द ठरवलेला असतो. तो उच्चारला की दोन मिनिटे कोणी बोलायचे नाही. रंगमंचावर त्या वेळात नट काहीबाही करत राहतात आणि प्रेक्षक हसत राहतो. रेडिओवरची शांतता अशी भरून काढता येत नाही. चार-पाच सेकंद काहीच ऐकू आले नाही तरी घरातला श्रोता चपापतो. दिग्दर्शक कसलेला असेल तर तेवढ्या सेकंदांत ग्लासात बर्फ पडल्याचा किंवा काडी ओढल्याचा आवाज देतो, आणि दोन माणसे अजून एकमेकांवर धुमसताहेत हे समजते.

सगळेच असे हाती लागत नाही. अमांडा एलियटच्या डोक्यावर तबकडी फोडते, दोघे जमिनीवर लोळत मारामारी करतात. हे ऐकताना नुसती आदळआपट उरते, आणि मारहाणीतला विनोद डोळ्यांआड झाला की तिची हिंस्रता जास्त टोचते. नाटकाचा शेवट तर पूर्ण दृश्य आहे. नवे जोडीदार एकमेकांशी कडाडून भांडत असताना जुने दोघे बॅगा उचलून गुपचूप सटकतात. माइकसमोर गुपचूप सटकणार कसे? दाराची कडी हलकेच वाजवावी लागते. शेरिडनच्या आडपडद्यालाही हीच अडचण येते. तो पडल्याचा आवाज काहीच सांगत नाही. मागे कोण होते, ते सांगतात त्यानंतरचे उद्गार. शेरिडनने तिथे लेडी टीझलचे नाव समोरच्या दोघा पुरुषांच्या तोंडी घातले, हे रेडिओवाल्यांचे भाग्य.

कॉवर्डचे ‘ब्लाइद स्पिरिट’ मात्र जणू माइकसाठीच घडले. 1941 चा उन्हाळा, लंडनने नुकताच बाँबहल्ल्यांचा हिवाळा काढलेला, आणि नाटकात भूत! चार्ल्सची मेलेली पहिली बायको एल्विरा प्लँचेटच्या बैठकीत परतते. ती दिसते आणि ऐकू येते ती एकट्या चार्ल्सला. तो तिला काही सुनावतो आणि दुसरी बायको रूथ ते अंगाला लावून घेते. लंडनमध्ये त्याचे 1,997 प्रयोग झाले. रंगमंचावर एल्विराला राखाडी रंगभूषा, राखाडी वस्त्रे द्यावी लागतात, म्हणजे ती भूत आहे हे प्रेक्षक विसरत नाही. रेडिओवर तिचा आवाज रूथच्या आवाजाइतकाच सजीव, तितकाच जवळ. श्रोता दोघींना ऐकतो, रूथला एल्विरा ऐकूच येत नाही, आणि बिचाऱ्या चार्ल्सची कोंडी श्रोत्याची स्वतःची होऊन जाते. आवाजाला घुमारा देऊन भूत ओळखू आणायचा मोह दिग्दर्शकाने आवरला, तर नाटक आणखी रंगते.

या सगळ्यामागे पुष्कळ कारागिरी असते. नाटकाच्या स्टुडिओत एकाच जिन्याला लाकडाच्या, सिमेंटच्या, गालिच्याच्या पायऱ्या असतात. नुसत्या चौकटीत बसवलेली दारे असतात. आवाज अजिबात न घुमणारी एक खोली असते. नट माइकपासून हातभर मागे सरला, की नवरा दुसऱ्या खोलीत गेला. अॅलन एकबर्नसारख्या नाटककाराने 1965 ते 1970 लीड्सला बीबीसीत रेडिओ नाटकांची निर्मिती केली, आणि पुढे ‘बेडरूम फार्स’मध्ये चार जोडप्यांची रात्र तीन शयनगृहांत एकाच वेळी मांडली. कोणती खोली कुठे संपते, हे केवळ आवाजाने सांगायचे काम त्याने आधी वर्षानुवर्षे केले होते.

मराठीशी या परंपरेचे नाते थेट आहे. आर्थर मर्फीचे ‘ऑल इन द राँग’ 1761 मध्ये ड्रुरी लेनलाच झाले. मोलिएरच्या नाटकावर बेतलेले. त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी आधी गद्य ‘फाल्गुनराव’ लिहिले, आणि 1916 मध्ये तेच ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून गाजले. रेवतीला भोवळ येते, तसबीर पडते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि खिडकीतून त्याची बायको कृत्तिका नेमके तेवढेच पाहते. इथे संशय शिरतो तो डोळ्यांवाटे. तरीही आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकेतली टेकाडे भावजींची चेष्टामस्करी ऐकलेल्या श्रोत्यांना हा संसार कानाने समजायला वेळ लागणार नाही. ‘संशयकल्लोळ’ची पदे पिढ्यान्‌पिढ्या ऐकली गेली, गायली गेली. फाल्गुनराव आणि कृत्तिकेच्या गद्य भांडणालाही आता तितक्याच जिव्हाळ्याचे ध्वनिमुद्रण मिळायला हवे. दोन तयारीचे आवाज, एक खिडकी आणि कापूनछाटून नव्वद मिनिटांची संहिता, एवढ्यावर ते सहज उभे राहील. खिडकीतले दृश्य श्रोत्याला दिसणार नाही. त्याच्या वाट्याला येतील त्या नवऱ्याने आणि बायकोने आपापल्या परीने सांगितलेल्या दोन हकिकती, आणि कोणावर विश्वास ठेवायचा, हे त्यालाच ठरवावे लागेल.