पालगडची वारी आणि खोतीचा विसर

‘श्यामची आई’तले गाव पाहायला पालगडी जाणारा वाचक साने गुरुजींचे घर पाहतो आणि कोकणच्या हिरवाईत कृतार्थ होतो. हे वाचनातून पलायन होय. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेलेले पालगड हे निसर्गदृश्य नव्हेच. कर्ज, सावकाराचा तगादा आणि ओसरलेली खोती यांनी घडलेली ती स्मृती आहे. श्यामचे घराणे खोताचे. त्याच्या दारिद्र्याने वाचक गहिवरतो. ज्या कुळांच्या श्रमावर खोती उभी होती, त्यांच्या आयांचे काय? महार म्हातारीला मोळी उचलून देण्याचा प्रसंग आहे खरा, पण तो करुणेचा, हिशेबाचा नव्हे. पुस्तक १९३५चे; १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोतीनिर्मूलनाचे विधेयक मांडले. ही दोन्ही शेजारी ठेवून वाचण्याचे कष्ट पालगडच्या वारकऱ्यांनी घेतलेले दिसत नाहीत, आणि त्यांच्या समीक्षक पुरोहितांनीही नाहीत.