मत द्यायचं की मांडायचं?

येळवस म्हणजे काय, हे आमच्या भागाबाहेरच्या मैत्रिणींना सांगावं लागतं. मार्गशीर्षातली अमावस्या. कॅलेंडरात तिला वेळ अमावस्या म्हणतात, आमच्या लोहाऱ्यात येळवस. त्या दिवशी गाव ओस आणि रानं भरलेली! कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. पूजा झाली की भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी बोलावतंच, तिथं जात-धर्म कुणी विचारत नाही. आपल्याकडचा इतका मोकळा सण मला दुसरा माहीत नाही.

आता तो कुणासाठी किती मोकळा, ते सांगते.

बायकांची येळवस दोन दिवस आधीच सुरू होते. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे दाणे सोला, चिंच भिजवा, आंबील आंबवायला ठेवा, पहाटे तीनला उठून उंडे करा. एवढं सगळं डोक्यावर घेऊन रानात पोचायचं, वाढायचं, आवरायचं. तरी मला हा दिवस आवडतो. कारण वर्षात एवढ्याच एका दिवशी मी मोकळ्या हवेत असते आणि कुणी विचारत नाही, "कुठं निघालाव?"

हा प्रश्न छोट्या गावात राहणाऱ्या प्रत्येकीच्या ओळखीचा आहे. मला साखरेचा त्रास निघाला तेव्हा डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी घरी निरोप आला, "तुमच्या वहिनी रोज सकाळी रिकाम्या हातानं कुठं जातेत?" मग मी हातात फुलांची परडी घ्यायला लागले. देवळाला जाते म्हटलं की प्रश्न मिटला! कोजागरीला आमच्याकडच्या बायका तुळजापूरपर्यंत अनवाणी चालत जातात, त्यांच्या पायावर लोक डोकं ठेवतात. देवीसाठी चाललं तर पुण्य आणि स्वतःच्या तब्येतीसाठी चाललं तर रिकामपण. देवीचं माझं काही भांडण नाही, पण तिच्या नावाची परडी घेऊन मी फिरायला जाते, हे तिलाही आवडत नसणार.

तर, ३० डिसेंबर २०२४ ची येळवस. विधानसभेचा निकाल लागून महिनाच झालेला. चिंचेखाली पुरुषमंडळी बसलेली आणि विषय अर्थातच 'लाडकी बहीण'. पंधराशे रुपयांत बायकांनी मतं विकली म्हणे. सगळे हसत होते. मी पत्रावळी मांडत होते. म्हटलं, "सोयाबीनचा हमीभाव चार हजार आठशे ब्याण्णव आणि तुम्ही विकलं चार हजारानं. तरी तुम्ही मत दिलंच की. ते कितीला विकलं?"

हसणं थांबलं. मग एक दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही भज्जी वाढा. राजकारणातलं तुम्हाला काय कळतंय?"

मला सोयाबीनमधलं कळतं. खुरपणीला मी असते, काढणीला मी असते, मजुरणीचा रोज किती वाढला ते मला पाठ आहे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत. पण खुर्चीवर ती आणि बोलायला तिचे मालक, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. आपल्या भाषेत व्होटलाही मत म्हणतात आणि विचारालाही मतच. पहिलं द्यायला घरी गाडी येते. दुसरं मांडायला गेलं की भज्जी वाढा!

असं नेहमीच होतं असंही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आजच्या लोहारा तालुक्यातलं सास्तूर भुईसपाट झालं. त्यानंतर घरं उभी करताना 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनं गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणलं. सरकारी योजनेची माहिती घरोघर न्यायची आणि लोकांचं म्हणणं अधिकाऱ्यांपर्यंत पोचवायचं, हे त्यांचं काम. पुढे त्याच संस्थेनं बायकांना घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर मागून घ्यायला शिकवलं. त्यात काय पेरायचं ते तिनं ठरवायचं. डाळी, भाजीपाला, आधी घरच्यांच्या खाण्यापुरतं. या कामाला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा मला त्या एका एकराचं अप्रूप वाटतं.

त्या दिवशी खरं बिनसलं ते पूजेच्या वेळी.

माझ्या धाकट्या जावेचा नवरा तीन वर्षांपूर्वी वारला. वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं. ज्या रानात आम्ही बसलो होतो त्यात तिचाही हिस्सा आहे. भज्जी तिच्या हातची, कारण आमच्या घरात तिच्यासारखी कुणाला जमत नाही. पूजा मांडली, "जोडीनं बसा" म्हणून आवाज आला आणि ती कुणी न सांगता आंबिलीची बिंदगी घेऊन बांधावर जाऊन उभी राहिली. शेत तिच्या नावावर, पूजा त्या शेताची आणि ती बांधावर! मतदार यादीत ती आहे, 'लाडकी बहीण'च्या अर्जातही विधवेचा रकाना आहे. पाच दगडांपुढं मात्र तिला जागा नाही.

मी म्हटलं, "तिलाही बसू द्या."

कुणी काही बोललं नाही. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मीच खाली बघितलं. त्या स्वतः वीस वर्षं त्याच बांधावर उभ्या राहात आल्यात. जाऊ तिथूनच म्हणाली, "राहू द्या अक्का, खीर गार होतीय." आणि मी जोडीनं बसले. पूजा केली. हे लिहिताना लाज वाटते, पण केली.

परतताना ट्रॅक्टरमध्ये मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडचं सांगितलं. त्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला की कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. सासूबाई म्हणाल्या, "कोल्हापूरचं कोल्हापुरात." घरी येऊन दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मला विचाराल तर धर्म बुडेल वगैरे भीती त्यांनाही नसावी. जे आपण वीस वर्षं निमूट सोसलं ते कुणी एका वाक्यात चूक ठरवलं तर आपल्या वीस वर्षांचं काय, हा प्रश्न असावा. हे मला फार उशिरा कळलं. आपण मत मांडतो तेव्हा कधी कधी ते बांधावर उभ्या असलेल्या दुसऱ्या बाईच्याच अंगावर जाऊन पडतं. म्हणून मांडू नये असं नाही, पण आधी तिच्याशी बोलायला हवं होतं. ना सासूबाईंना विचारलं, ना जावेला. चिंचेखालच्या मंडळींसारखंच वागले की मी!

मग वर्षभर अधूनमधून विषय काढत राहिले. दाणे निवडताना, दळण आणताना. कधी "हूं" यायचं, कधी तेही नाही.

१९ डिसेंबर २०२५ ला पुन्हा येळवस आली. अतिवृष्टीनं सोयाबीन गेलेलं, पण ज्वारी बरी होती. पुरुषमंडळी कोप बांधत होती. सासूबाईंनी पाच दगड धुऊन ओळीनं ठेवले, चुन्याची वाटी उचलली आणि जावेच्या पुढं धरली.

"तू लाव. माझा हात थरथरतोय."

त्यांचा हात थरथरत नव्हता. जावेनं एकदा माझ्याकडं बघितलं, पदर खोचला आणि खाली बसली. पूजेला जोडी मात्र आमचीच बसली. आंबिलीची बिंदगी या वेळी कोपीजवळच ठेवलेली होती.