आईस लिहिलेले पत्र

अकोल्याचे नाव निघाले म्हणजे परमुलखातील माणसास कापूस आठवतो, आणि आपणा वऱ्हाडकरांसही त्याहून निराळे काही क्वचितच आठवते. परंतु ह्याच अकोल्याच्या शाळेतून १८७५ साली एक मुलगा मॅट्रिकची परीक्षा उतरला, आणि पुढे पुण्यास कॉलेजात असता त्याने आपल्या आईस एक पत्र लिहिले. विद्यार्थ्याने स्वतःविषयी लिहिलेल्या मराठी पत्रांत त्याच्या शेजारी ठेवावे असे दुसरे पत्र माझ्या वाचनात नाही. मुलाचे नाव गोपाळ गणेश आगरकर.

सुधारक आगरकरांविषयी आपल्या घरांतून पुष्कळ बोलले गेले आहे. काही आदराने, काही कपाळास आठ्या घालून. त्यांची सगळीच मते ह्या सदराच्या लेखकास पटतात असेही नाही. पण ह्या महिन्यात तो वाद बाजूस ठेवून विद्यार्थी आगरकरांकडेच पाहावे असे योजिले आहे. त्यास कारणही तसेच घडले. ते ओघाने येईल.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळ कृष्णाकाठच्या टेंभू गावी झाला. घरची स्थिती अत्यंत हलाखीची. कऱ्हाडास थोडे शिक्षण झाले आणि पुढची वाट खुंटली. मुलाने कचेरीत कारकुनी केली, दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. शिकावयाचेच हा हट्ट धरून रत्नागिरी गाठली, पण तेथेही निभाव लागला नाही. अखेर नातलगांच्या आधाराने तो वऱ्हाडात अकोल्यास आला. वऱ्हाड तेव्हा नावाने निजामाचे, परंतु १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. नागपूरपर्यंत आगगाडी १८६७ साली सुरू झालेली. कापसाच्या गाठी मुंबईकडे जात आणि चाकरीच्या शोधात निघालेली पश्चिमेकडील मंडळी इकडे येत. कृष्णाकाठचा मुलगा मोर्णेच्या काठी येऊन शिकला, ही गोष्ट ‘वऱ्हाडात काय आहे?’ असे विचारणाऱ्या आपल्याच तरुणांस अधूनमधून सांगावी.

असे चरित्र वाचले म्हणजे आपण वडील मंडळी मुलांस लगेच ऐकवितो, ‘पाहा, गरिबी माणसास कशी घडविते!’ हे वाक्य मी पस्तीस वर्षे शिक्षकांच्या खोलीत ऐकले आणि मला ते कधीच पटले नाही. गरिबीने घडलेली मुले मोजावयाची, तर गरिबीने मोडलेलीही मोजली पाहिजेत. ती पटावरून नाहीशी होतात म्हणून आपल्या डोळ्यांपुढे राहत नाहीत, इतकेच. चौथ्या इयत्तेत मोत्यासारखे अक्षर असलेला मुलगा आठवीत वर्गात नसतो. तो कोठे जिनात ओझी वाहत असतो, कोठे दुकानात वजने उचलत असतो, आणि त्याच्या जडणघडणीवर कोणी निबंध लिहीत नाही.

हल्ली मुलांच्या तोंडी ‘व्यक्तिमत्त्वविकास’ हा शब्द फार आहे. त्या नावाचे वर्ग निघतात, त्यास शुल्कही बरेच पडते. संस्कृत शिकविण्यात आयुष्य गेले म्हणून एक खोड सांगतो: शब्द भेटला की त्याचा धातू पाहावयाचा. विकास हा शब्द वि-पूर्वक ‘कस्’ धातूपासून आला. फुलणे, उमलणे हा त्याचा अर्थ. कळी आपली आपणच उमलते. आपल्या आजोबांच्या तोंडी होता तो शब्द ‘संस्कार’. त्यात ‘कृ’ धातू आहे, आणि ‘कृ’ सकर्मक असल्यामुळे कर्ता आला आणि कर्मही आले. म्हणजे कोणीतरी कोणावर तरी काही केले पाहिजे. माणसाच्या घडण्यास मला हा दुसरा शब्द अधिक जवळचा वाटतो. त्यात दुसऱ्याचे देणे मान्य केलेले असते.

आगरकरांच्या बाबतीत अकोल्यास हा कर्ता होता. त्याचे नाव विष्णु मोरेश्वर महाजनी. महाजनी अकोल्याच्या शाळेत शिकवीत. पुढे ते वऱ्हाडच्या शिक्षणखात्याच्या प्रमुखपदापर्यंत चढले, आणि १९०७ साली पुण्यास भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांनी शेक्सपिअरची नाटके मराठीत आणली. ‘तारा’ आणि ‘मोहविलसित’ ही त्यांतील दोन. शिष्याने पुढे ‘हॅम्लेट’ मराठीत उतरविले तेव्हा त्याचे नाव ‘विकारविलसित’ ठेवले. दोन्ही नावे एकाखाली एक लिहून पाहावी. अकोल्याच्या वर्गाचा वास त्यांत येतो असे मला वाटते. ह्या गुरूने मुलाची बुद्धी ओळखली आणि त्याच्या पुढील शिक्षणास साहाय्य केले. त्या काळी वऱ्हाडात महाविद्यालय नव्हतेच. अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले ते १९२३ साली. मॅट्रिक झालेल्या निर्धन मुलास पुण्याची वाट धरावयाची तर कोणीतरी पाठीवर हात ठेवणे अवश्य होते. तो हात नसता तर कऱ्हाडच्या कचेरीस एक हुशार कारकून लाभला असता, एवढेच. अमरावतीकरांस डॉ. पंजाबराव देशमुखांचे श्रद्धानंद छात्रालय ठाऊक आहेच. पापळसारख्या खेड्यातून निघून विलायतेपर्यंत शिकलेल्या माणसाने परत आल्यावर प्रथम उचललेल्या कामांत खेड्यांतील सर्व जातींच्या मुलांची राहण्याजेवण्याची सोय हे एक काम असावे, ह्याचा अर्थ उघड आहे.

पुण्यास आगरकर डेक्कन कॉलेजात राहिले. अंगात घालावयास सदरा एकच. तो रात्री धुऊन वाळत घालावयाचा आणि सकाळी तोच चढवावयाचा, ही गोष्ट आपण सर्वांनी क्रमिक पुस्तकांतून वाचली आहे. शिष्यवृत्ती, वक्तृत्वाची व निबंधांची बक्षिसे, वर्तमानपत्रांतील लेखन ह्यांवर खर्च चाले. दम्याची व्यथा सोबतीस. पण कॉलेजाने त्यांस जे खरे दिले ते खोलीशेजारच्या मित्राच्या रूपाने. बळवंतराव टिळक त्यांच्याहून नऊ दिवसांनी लहान. १८७९ च्या सुमारास एक एम. ए. चा व दुसरा कायद्याचा अभ्यास करीत होता, आणि देशाचे दारिद्र्य, शिक्षण, समाज ह्यांवर दोघांचे वाद रात्र रात्र चालत. ह्या बोलण्यांतूनच सरकारी नोकरी न करता शिक्षणाच्या कामास वाहून घेण्याचा निश्चय झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या साथीने जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल उघडले, आगरकर एम. ए. उरकून १८८१ मध्ये त्यात आले. पुढे दोघांचे मतभेद विकोपास गेले, आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ साली ‘सुधारक’ काढला, हा इतिहास निराळा. मित्राशी पुढे पटले नाही म्हणून त्याने केलेला संस्कार पुसला जातो असे मात्र नाही.

आता कारण सांगतो. अमरावतीस महाविद्यालयात तिसऱ्या वर्षास असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे मध्यंतरी पत्र आले. मूर्तिजापूरकडचा मुलगा, वडील कापसाच्या जिनात मुनीम. त्यास कॉलेजच्या वार्षिकासाठी ‘मला घडविणारे अनुभव’ ह्या विषयावर लिहावयाचे होते. तो लिहितो, ‘गुरुजी, माझे सोबती हिमालयातील पदभ्रमणावर लिहिताहेत, कोणी परदेशी जाऊन आले त्यावर. माझ्याजवळ एस. टी. चा पास, आत्याकडचे जेवण आणि संध्याकाळच्या शिकवण्या ह्यांवाचून काही नाही. हे का लिहावयाचे?’ एवढ्यावर पत्र थांबले असते तर मी दोन ओळींचे उत्तर टाकून मोकळा झालो असतो. परंतु शेवटी ताजा कलम होता. गेल्या उन्हाळ्यात तो मेळघाटात धारणीकडे एका मित्राबरोबर गेला, कोरकूंच्या मुलांस महिनाभर शिकविले, आणि आता तेथेच शिक्षक व्हावयाचे त्याच्या मनाने घेतले आहे. घरी सर्वांनी धरून ठेवले आहे की, चिरंजीव स्पर्धापरीक्षा देऊन अधिकारी होणार. बहिणीच्या लग्नाकरिता बाजूस टाकलेले पैसे त्याच्या शुल्कात गेले आहेत. ‘आईस कसे सांगू?’ हा त्याचा खरा प्रश्न. निबंध हे निमित्त.

म्हणून मला आगरकरांचे पत्र आठवले. एम. ए. च्या परीक्षेच्या सुमाराचे ते पत्र आहे. आपला मुलगा मोठमोठ्या परीक्षा देत आहे, तेव्हा आता त्यास मोठ्या पगाराची चाकरी लागेल आणि आपले पांग फिटतील असे आईस वाटत असणार, हे मुलगा जाणतो व तेच प्रथम बोलून दाखवितो. मग सांगतो की, मी विशेष संपत्तीची व सुखाची हाव धरणार नाही. पोटापुरते मिळाले की तेवढ्यात संतोष मानून उरलेला वेळ परहितात घालवीन. आपण कसे घडलो ह्याची लांबण त्यात नाही, उपदेश नाही, आईच्या अपेक्षेची निंदाही नाही. मला सर्वांत मोलाची वाटते ती वेळ. आशेचे इमले पुरते चढण्यापूर्वीच त्याने सांगून टाकले.

हे पत्र आपण नेहमी मुलाच्या बाजूने वाचतो आणि धन्य म्हणतो. एकदा टेंभूच्या बाजूने वाचावे. ज्या घरी दोन वेळचे कठीण, त्या घरचा मुलगा सातासमुद्रांएवढे शिकतो आणि कळवितो की पैसा येणार नाही. त्यागाचा संकल्प एक जण करतो. त्याचा हप्ता घरातील सगळी माणसे भरतात. पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या. त्यांच्या व्रतवैकल्यांस आगरकरांनी आडकाठी केली नाही, हे त्यांच्या मोठेपणास साजेसेच. पण पतीची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली ती ह्याच बाईंच्या हयातीत. १७ जून १८९५ रोजी, फर्ग्युसनचे प्राचार्य असता, एकोणचाळीसही पुरी झाली नव्हती तेव्हा आगरकर गेले. उशाशी एक पुरचुंडी सापडली, तीत स्वतःच्या उत्तरक्रियेपुरते पैसे बांधून ठेवलेले होते, असे सांगतात. ही गोष्ट ऐकून श्रोत्यांचे डोळे भरून येतात. माझ्या मनात मात्र दुसराच प्रश्न येतो: दुसऱ्या दिवशीच्या दुधाचे काय?

ह्या तरुणांनी हिशेब केलाच नव्हता असेही म्हणता येत नाही, आणि ही बाजू फार थोडे लोक सांगतात. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली तेव्हा आजीव सभासदांस महिना ७५ रुपये वेतन ठरले आणि त्यांच्या आयुष्याचा विमा उतरण्याची व्यवस्था झाली. म्हणजे ‘पोटापुरते’ ह्या शब्दाची किंमत रुपयांत मांडली गेली होती, आणि आपल्यामागे घराचे काय ह्याचाही विचार झाला होता. ती किंमत एम. ए. झालेल्या माणसाच्या मानाने थोडी होती. पण ती ठरलेली होती.

मी त्या मुलास उत्तर पाठविले आहे, आणि त्यातील काही भाग इतर घरांसही उपयोगी पडेल म्हणून येथे देतो. निबंधात एस. टी. चा पास आणि आत्याचे जेवण जरूर लिहावे. मात्र ‘मी कष्ट सोसले’ असे न लिहिता आत्याने तीन वर्षे ताट वाढले असे लिहावे. मेळघाटाचा बेत महिन्याभराच्या अनुभवावर पक्का करू नये. उन्हाळ्यात पाहिलेला डोंगर पावसाळ्यातही पाहून यावा. कोरकू ही मराठीची बोली नव्हे, ती मुंडा कुळातील निराळी भाषा आहे. ती शिकण्याची तयारी नसेल तर शिक्षकाने तेथे जाण्यात मुलांचा काही लाभ नाही. आणि आईस सांगावयाचे ते निकालाच्या आधी, स्वतः मूर्तिजापुरास जाऊन, वडील घरी असता सांगावे. दूरध्वनीवर सांगू नये.

आयांसही दोन शब्द. असे पत्र किंवा असा मुलगा दारी आला म्हणजे पहिल्या रात्री होय-नाही काहीच म्हणू नये, शेजारीपाजारी सल्ला विचारावयास जाऊ नये, आणि ‘तुझ्यासाठी आम्ही काय काय केले’ ही यादी त्या रात्री तरी काढू नये. ती यादी मुलानेच काढावी. म्हणून मी त्यास लिहिले आहे की, बहिणीच्या लग्नाकरिता ठेवलेली रक्कम नेमकी किती होती ते आईस विचारून घे, शिक्षकाच्या पगारातून ती किती महिन्यांत परत करशील ते मांड, आणि तो कागद आईच्या हाती देऊन मग धारणीचे नाव काढ.