दस्तरखान : संत्र्याची जपानी मिठाई

आमच्या वर्ध्याला जपान अगदीच परका नाही. जपानी भिक्खू निचिदात्सु फुजी 1933 साली इथे येऊन गांधीजींना भेटले होते. गीताई मंदिराजवळचा पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप त्यांच्याच प्रेरणेने उभा राहिला. शाळेची सहल तिथे नेली, तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "मॅडम, जपानी लोक गोड काय खातात?" मला सांगता येईना. घरी येऊन शोधले आणि 'दाइफुकु' सापडले. तांदळाच्या मऊ पारीत गोड पुरण आणि कधी मधोमध फळही. म्हणजे आपल्या मोदकाचा दूरचा भाऊच!

पहिल्यांदा मी घरातल्याच तांदळाचे पीठ वापरले. गरम असताना ठीक वाटले, पण इफ्तारपर्यंत पारी कडक होऊन तडकली. नंतर कारण कळले. तांदळात दोन प्रकारचा स्टार्च असतो, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. आपल्या रोजच्या तांदळात अमायलोज बरेच असते, त्यामुळे थंड झाल्यावर तो घट्ट होतो. जपानी मोचीचा तांदूळ जवळजवळ सगळा अमायलोपेक्टिनचा, म्हणून चिकट. आसामचा बोरा तांदूळ याच जातीचा. तो मागवून दळा किंवा तयार 'ग्लुटिनस राइस फ्लोअर' घ्या.

सहा नगांसाठी : चिकट तांदळाचे पीठ 100 ग्रॅम, साखर 50 ग्रॅम, पाणी 150 मिली. पुरणासाठी बरबटी (चवळी) 50 ग्रॅम, साखर 40 ग्रॅम. संत्र्याच्या सहा मोठ्या फोडी आणि थोडे कॉर्नफ्लोअर.

बरबटी रात्री भिजवा, सकाळी कुकरला मऊ शिजवून घोटा. साखर घालून पुरणासारखी आटवा आणि थंड करा. संत्र्याच्या फोडी सोला, बिया काढा आणि कापडावर कोरड्या करा. रस राहिला तर पारीचे तोंड मिटत नाही. प्रत्येक फोडीला पुरणाचा पातळ थर द्या.

पीठ, साखर, पाणी गुठळ्या न ठेवता कालवा. 20 मिनिटे वाफवा, मधे दोनदा ढवळा. पांढरेपणा जाऊन गोळा काचेसारखा चकाकला की झाले. कॉर्नफ्लोअर कढईत मंद आचेवर भाजून ताटात पसरा, त्यावर गोळा काढा. हाताला सोसवेल इतका निवला की सहा भाग करून भरा आणि तोंड चिमटून मिटवा. त्याच दिवशी संपवा. फ्रिजमध्ये पारी कडक होते.

शेजारच्या भाभींनी लगेच विचारले, "यात जिलेटीन तर नाही ना?" नाही, हा चिकटपणा निव्वळ तांदळाचा आहे. बाहेरून तयार पाकीट आणाल तर मात्र त्यावरची यादी वाचून घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचे. दुसऱ्या खेपेची मिठाई सुरेख जमली. अम्मींनी (माझ्या सासूबाई) कौतुकाने अख्खा घास तोंडात टाकला. कवळी काढलेली होती. घास घशाशी चिकटला, चेहरा लाल झाला. मी त्यांना पुढे वाकवून पाठीवर थापा मारल्या, तेव्हा अल्लाहच्या कृपेने तो बाहेर आला. माझे हात कितीतरी वेळ थरथरत होते. जपानमध्येही नववर्षाच्या दिवसांत मोची अडकून दरवर्षी वृद्ध माणसे दगावतात आणि तिथले अग्निशमन दल लोकांना सावध करते. हे मी आधी वाचले होते, तरी ताट वाढताना विसरले.

म्हणून लहान मुलांना ही मिठाई देऊच नका. मोठ्या मुलांना तुकडे करून, आपल्यासमोर बसवून द्या. रोजा सोडताना भुकेच्या घाईत नको, नमाजनंतर निवांत खा. घरातल्या बुजुर्गांसाठी पारी न लावता पुरण आणि संत्र्याची फोड वाटीत वाढा. अम्मी आता तेच मागून खातात, आणि म्हणतात, "पारी तुम्हीच खा, चव तर यातच आहे."

मृग बहाराची संत्री बाजारात आहेत तोवर करून पाहा.